नावाची जागा

कर्जतच्या बाजारात, हर्षलाच्या तयार कपड्यांच्या दुकानात, पुढून बटणे असलेला गाऊन निवडत असताना माझ्या पत्नीने मला नावाने हाक मारली. हे वाक्य मी नंतर मनाशी अनेकदा तपासून पाहिले आहे. त्यात चूक नेमकी कुठे आहे ते सापडत नाही. आवाज तिचाच होता. किंचित घोगरा, वरच्या पट्टीत गेला की कडेला फाटणारा. नाव माझेच होते. पण गोदूबाई त्या वेळी दहिवलीच्या घरी खाटेवर होती. दसऱ्यानंतर तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून कळेल असा एक शब्द निघालेला नाही. शिवाय वाचा होती तेव्हाही, लग्नाच्या मांडवापासून त्या दसऱ्यापर्यंत, तिने माझे नाव एकदाही घेतलेले नव्हते. मी हातातला गाऊन फळीवर ठेवला. पुतळ्यांच्या डोक्यावर लावलेल्या स्पीकरच्या काळ्या पेट्यांतून ढोलाचा ठोका येत होता आणि त्या ठोक्यावर ती गात होती: मांडवाच्या दारी कोन उभा गं, बुधाजी बाला उभा गं. मग तेच पुन्हा, त्याच फाटक्या कडेसह, तंतोतंत तसेच.

"काका, हाच देऊ ना? काकूंला घालाय-काढाय बरा," हर्षला म्हणाली.

"हे गाणं कुठलं?"

"तुमाला नाय माहीत? अवो, सगल्या हलदींना हेच वाजतंय. मोबाइलवर तं पोरींचा नुसता धिंगाना." तिने एक पुतळा खांद्याला धरून वळवला. ब्लाउजच्या पाठीवर जरीच्या दोऱ्याने 'बुधाजी बाला' असे भरले होते, अक्षरांना बाशिंगासारख्या झिरमिळ्या. "ह्ये बघा, तुमच्याच नावाचा माल. काकूंला सांगा, म्हातारा फेमस झाला."

खरेदीला आलेल्या दोन मुली हसल्या. मीही हसलो असेन, कारण हर्षलाने गाऊन घडी करून पिशवीत भरताना माझ्याकडे विचित्र पाहिले नाही. हा आवाज माझ्या बायकोचा आहे, हे तिला सांगावे असे वाटले आणि सांगता आले नाही. सांगितले असते तर गोदूबाईने माझे नाव घेतले हेही त्याच श्वासात मान्य करावे लागले असते, आणि ते खोटे होते. गाणे तिचे होते, आवाज तिचा होता, फक्त तो एक शब्द तिचा नव्हता. आणि दुकानात, पाठीवर, मुलींच्या तोंडी नेमका तोच शब्द होता.

आमच्या आगरी लग्नात धवलारीण लागते, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई. हळद दळण्यापासून वरात दाराशी येईपर्यंत प्रत्येक विधीचा एक धवला असतो, आणि बहुतेक धवल्यांत एक जागा मोकळी सोडलेली असते. ज्याचे लग्न त्याचे नाव त्या जागेत बसवून गायचे. गोदूबाई हे सगळे कर्जतजवळच्या कोंडाण्याला, लग्नाआधी, मावशीच्या मागे बसून शिकली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. एवढी गाणी ती कुठे ठेवते असे मला वाटे. अडचण इतकीच होती की तालुक्यात बुधाजी नावाच्या नवऱ्यामुलांना तोटा नव्हता. अशा लग्नात नावाची जागा आली की ती थांबायची. आवाज थांबायचा, हात थांबायचा, तोंड मात्र पुढच्या शब्दासाठी उघडलेले असायचे. बांगड्या तेवढ्या किणकिणायच्या आणि मग 'बाला उभा गं' असे गाणे पुढे निघायचे. सोबतच्या बायका पदर तोंडाशी धरून म्हणायच्या, "आला गं, गोदूचा आला." त्यांच्यापैकी कोणीही ते नाव घेऊन जागा भरू शकली असती. कोणी भरली नाही. माझे नाव बुधवारावरून ठेवलेले असल्यामुळे वारही सुटला नव्हता. बुधवारला ती 'मंगलवारचा दुसरा दिस' म्हणायची. त्यावरून एसटीच्या वाहकाशी तिचे एकदा वाजलेही होते. नोकरीतल्या उमेदीच्या काळात मला या गोष्टीची लाज वाटे. शिकलेल्या सहकाऱ्यांच्या बायका नवऱ्यांना नावाने हाक मारीत. मी एकदा चिडून विचारले होते, नाव घेतल्याने काय होते? ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "घेतलं का सपलं. ठेवलं तं ऱ्हातं."

झटक्यानंतर वाचेचे व्यायाम घेणाऱ्या एक बाई घरी येऊ लागल्या. तरुण, शांत स्वभावाच्या. त्या गोदूबाईसमोर रंगीत चित्रांचे पुठ्ठे धरीत: गाय, तांब्या, कंदील. मग एक दिवस त्यांनी माझ्याकडे बोट केले. "आजी, हे कोण? यांचं नाव काय?" गोदूबाईने माझ्याकडे पाहिले. तोंड उघडले. डावा हात किंचित उचलला गेला, मनगटातल्या दोन बांगड्या वाजल्या, आणि ती तशीच थांबली. बाई वाट पाहत राहिल्या. मग समजुतीने म्हणाल्या, "येईल हळूहळू." ती जी थांबली होती ते आजारामुळे, की रीतीमुळे? शब्द सापडत नव्हता म्हणून, की सापडला होता म्हणून? दोन्ही प्रकारचे थांबणे बाहेरून अगदी सारखे दिसत होते. कारखान्यातल्या नकाशांसाठी मी आयुष्यभर मापे घेतली, पण या दोहोंतला फरक दाखवील असे कोणतेही माप मला ठाऊक नव्हते. तरी मी मनाशी ठरवून टाकले की ती रीतच आहे. तेवढी एक जागा शाबूत आहे, म्हणजे तिच्या मागची बाईही शाबूत आहे. बाईंनी जाताना सांगितले, अशा रोग्यांना बोलता येत नाही तरी कधीकधी गाता येते. त्यांची जुनी गाणी ऐकवा. जुनी गाणी असणार होती ती समीक्षाकडे.

समीक्षा माझ्या मुलाची मुलगी. मुंबईला एका स्टुडिओत चालती चित्रे करते. लहानपणी ती माझ्या जुन्या नकाशांच्या पाठीवर कोंबड्या काढायची आणि कोंबडी उडताना दाखवायची झाली तर कागदांच्या कडा फडफडवायची. झटक्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ती आठवडाभर इथे होती. तिच्या स्टुडिओला एका कपड्यांच्या कंपनीचे काम मिळाले होते; लग्नसराईच्या नव्या साड्या, आणि त्यांच्यासाठी एक छोटी फिल्म. तिने ओसरीवर बसवून आजीला गायला लावले. "आजी, तुझ्याच लग्नातला म्हण ना." गोदूबाई लाजली, मग खाकरली, मग गायली. नावाच्या जागी थांबली. समीक्षाने फोन तसाच धरून ठेवला आणि माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले, इतकी ती खूश होती. दुसऱ्या दिवशी तिने मला उजेडात बसवले. म्हणाली, "आजोबा, तुमचं नाव अगदी सावकाश म्हणा. ओठ कसे हलतात ते मला चित्रासाठी हवंय." मी म्हटले. बु. धा. जी. तिने दोन-तीनदा म्हणायला लावले आणि मी प्रत्येक वेळी तितक्याच काळजीने म्हटले, आपला या कामाला उपयोग होतो आहे याचा आनंद वाटून. ती मापे कशासाठी घेतली जात होती ते मला दुकानातून आल्यावर कळले. शेजारच्या विपुलने त्याच्या फोनवर फिल्म दाखवली. मांडवाला कोंडाण्याच्या लेण्यांतली घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान लावलेली, जिथे भिक्षूंनी संसार सोडून बसायचे तिथे नवरीचा शालू वाऱ्यावर पसरलेला. चित्र सुरेख होते. शालूच्या काठावर धवल्याच्या ओळी वेलीसारख्या चढत होत्या. कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी गात होती. नावाच्या जागी तिचे ओठ हलले. ते माझे ओठ होते.

रविवारी समीक्षा आली. मी दुकानातली गोष्ट सांगितली तेव्हा तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही बाहेर ऐकलंत? मला तुम्हाला दिवाळीला द्यायचं होतं, सरप्राइज म्हणून. मग आजीचं असं झालं आणि सांगायचं राहूनच गेलं."

"ते नाव तिने घेतलेलं नाही."

"माहितीय. ते आम्ही तयार केलं. आजीच्या आवाजातले तुकडे घेऊन कॉम्प्युटर शब्द बनवतो. जुळलाय ना? माझे सर म्हणाले, ओळखूच येत नाही."

"पण ती तिथं थांबायची."

"आजोबा, तिथे जागा रिकामी होती. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, आवाज गेलाय."

"रिकामी नव्हती ती."

"मग काय होतं तिथे?"

तिने हे खरोखरच विचारले होते. उत्तर मिळाले असते तर तिने ते कामात वापरलेही असते, मनापासून. मी खिडकीबाहेर पाहिले. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी आम्हाला शिकवले होते की वस्तूची जी कड समोरून दिसत नाही, ती तुटक रेषेने दाखवायची. लहान रेघ, मोकळी जागा, लहान रेघ. आमचे शिक्षक कागद उजेडाला धरून रेघा नव्हे, मधल्या जागा तपासायचे. जागा असमान असेल तर कागद परत. पुढे खोपोलीच्या कारखान्यात नकाशे काढण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि शेवटच्या काही वर्षांत टेबलावरचे कागद गेले, संगणक आला. त्याला एक खोड होती. दोन टोके फार जवळ आली की तो ती आपणहून जोडून टाकायचा. झाकलेली कड उघडी दिसायची, आणि नकाशा पाहणाऱ्या नव्या मुलाला त्यात काही बिघडल्याचे कळतही नसे. उलट तो आधीपेक्षा स्वच्छ दिसे. हे सगळे मी समीक्षाला सांगू लागलो. अर्ध्यावर आल्यावर मलाच जाणवले की मी बायकोविषयी बोलायचे सोडून रेघांविषयी बोलतो आहे. तिने मात्र लक्षपूर्वक ऐकले. म्हणाली, "किती छान आहे हे. तुम्ही दोघं म्हणजे माझी सगळी प्रेरणा आहात, खरंच."

"मूळचं मला दे," मी म्हणालो. "ती थांबते तसं. वाचेच्या बाईंनी तिला ऐकवायला सांगितलंय. मला ते तिला ऐकवायचं आहे."

समीक्षाने फोन काढला, बराच वेळ बोट फिरवत राहिली. ज्यावर आजीचे गाणे घेतले होते तो फोन आता तिच्याकडे नव्हता, तिने नवा घेतला होता. मूळ ध्वनिफीत तिने स्टुडिओला दिली होती, आणि काम संपले की स्टुडिओ कच्चा माल पुसून टाकतो. तिने तिथल्या मुलाला फोन लावला. आमच्यासमोर बोलली. "अरे रॉ असेल ना कुठेतरी? नाही, क्लीन नको. क्लीन नको रे, थांबलेलं हवंय." पलीकडचा काय म्हणाला ते ऐकू आले नाही, पण तिचे 'बरं' ऐकू आले. मी म्हणालो, मग निदान बाजारातल्या गाण्यातून ते नाव काढून टाका. ती माझ्याजवळ खाली बसली. "ते आता कंपनीच्याही हातात नाही, आजोबा. लोकांनी घेतलं, त्यावर दुसऱ्यांनी अजून केलं, डीजेवाल्यांनी केलं. कुणाकुणाला सांगणार?" मग हळूच म्हणाली, "तुम्हाला आवडेल असं वाटलं होतं."

गोदूबाई खाटेवरून आमच्याकडे पाहत होती. समीक्षा तिच्या कुशीत डोके घालून पडून राहिली आणि गोदूबाईने डाव्या हाताने नातीच्या केसांतून बोटे फिरवली. कोणाचे काही बिघडले आहे एवढे तिला कळले होते. काय ते कळले नव्हते.

समीक्षाला जे सांगितले नाही ते असे, की मला आवडले होते. त्या आठवड्यात मी हर्षलाच्या दुकानात पुन्हा गेलो. नको असलेला टॉवेल घेतला. नंतर पुन्हा गेलो आणि पायजम्याच्या नाड्या पाहत उभा राहिलो. माणसाने आपल्या नावाचा किती लोभ धरावा? ते नाव सरकारी कागदांत, कारखान्याच्या दारावरच्या हजेरीत, चुलत्यांच्या शिव्यांत मी वाचले-ऐकले होते. या आवाजात कधी नाही. पेटीतल्या त्या बाईला लाज नव्हती आणि श्वासही नव्हता. पुढच्या ओळीसाठी गोदूबाई हवा ओढून घ्यायची तो आवाजही त्यांनी पुसला होता. तरी 'बुधाजी' म्हणताना कड फाटायची आणि माझ्या मानेवर काटा यायचा. घरी येऊन तिला चमच्याने पेज भरवताना मी तिच्या तोंडाकडे पाहायचो, आणि मला भय वाटायचे की मी ज्याची वाट पाहतो आहे ती हीच बाई आहे की ती दुसरी. शेजारचा टीव्ही मोठा झाला की मी खिडकी लावून घेऊ लागलो. तिने आपल्या आवाजात ते नाव ऐकू नये, इतकी एकच गोष्ट माझ्या हातात उरली आहे असे मला वाटत होते. तिने ऐकले तर काय होईल? ती दुखावेल, किंवा तिला वाटेल की मोडलेल्या मेंदूने तिच्याकडून हे कधीतरी करवून घेतले. आणि तिला विचारता येणार नाही, मला सांगता येणार नाही.

मग विपुलची हळद आली. मांडव आमच्या भिंतीला लागून. त्याची आई हळद-कुंकू लावून बोलावून गेली होती, आणि विपुल स्वतः येऊन माझ्या पायाशी वाकला होता. मी त्याला विचारले, धवलारीण कोण?

"आता कुठं धवलारीन, काका. डीजेवालाच सगला लावतो." मग त्याने खाटेकडे पाहून जीभ चावली. "म्हंजे काकू बऱ्या असत्या तं काकूच."

"ते एक गाणं नको लावूस रे. माझ्या नावाचं."

तो हसला. "असं कसं, काका? त्याच्याशिवाय पोरं मांडवान येनार नायत. तुमी लाजता काय एवढे? मी तं म्हनतो मोठ्या पडद्यावर तुमचा फोटो लावू."

त्याने काही वाईट म्हटले नव्हते. मी गोदूबाईला दुसरीकडे हलवायचा विचार केला. पण मुलगा नेरळला, तिसऱ्या मजल्यावर, आणि तिला जिना चढवणार कोण? कापूस आणला. तिच्या कानाशी नेला तेव्हा तिने मान झटकली आणि माझ्याकडे असे पाहिले की मी कापूस खिशात ठेवला.

हळद संध्याकाळची होती, पण डीजेवाल्याने दुपार कलताच पेट्या तपासायला घेतल्या. फडताळातली भांडी थरथरू लागली. आधी नुसता ढोल आला, मग एक शिट्टी, मग मध्येच सगळे बंद, आणि मग ती. मांडवाच्या दारी कोन उभा गं. गोदूबाईने डोळे उघडले. मी खिडकीकडे गेलो, खिडकी आधीच लावलेली होती. वळून पाहतो तो तिचा डावा हात खाटेच्या दांडीवर ठोका धरू लागला होता. कितीतरी महिन्यांत त्या हाताने इतके नेमके काही केलेले मी पाहिले नव्हते. तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि पंजा पालथा-उताणा केला. ही खूण ती बाजारात अनोळखी बाई दिसली की करायची: कोन गं ही?

"असंल कोनतरी," मी म्हणालो. घरात मी तिच्याशी तिच्याच भाषेत बोलतो.

तिने ओठ वाकडा केला. गाणारीला श्वास घेता येत नाही, हे बहुधा तिला ऐकू आले असावे. ओळ पुन्हा आली. नावाची जागा आली. पेटीतून माझे नाव भिंतीला धडकले, आणि तिचा हात वरच्यावर थांबला. बांगड्या वाजल्या. पुढच्या शब्दावर हात पुन्हा दांडीवर पडला, जराही न चुकता.

म्हणजे ती जागा शाबूत होती. आजार नव्हता तो. मी फोन शोधू लागलो. हे समीक्षाला दाखवायला हवे होते, वाचेच्या बाईंना दाखवायला हवे होते, ही बघा, इथे आहे ती. चष्मा सापडेना. चष्मा गळ्यातच होता. बाहेर डीजेवाला तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होता, कधी ढोल वाढवून, कधी आवाज वाढवून, आणि दर वेळी नाव मात्र तितकेच स्वच्छ, तितकेच भरघोस. फोन हातात घेऊन मी तिच्यासमोर उभा राहिलो. हात थांबला, पण अर्धवट. वर जाता जाता खाली आला. मला वाटले ती दमली. पुढच्या फेरीला नावाच्या जागेवर बोटे नुसती कचरली. तिच्या कपाळावर आठी होती, एखादा विसरलेला धवला आठवताना असायची तशी. ती ऐकत होती. शिकत होती, कोंडाण्याला मावशीच्या मागे बसून शिकली असेल तशी. मी म्हणालो, "अगं, नको." तिला ते ऐकू गेले नसावे, मलाच गेले नाही.

ओळ पुन्हा आली. मांडवाच्या दारी कोन उभा गं. मी त्या हाताकडे पाहत राहिलो. जागा आली, भिंतीपलीकडून तिने माझे नाव घेतले, आणि अलीकडे तिचा हात न थांबता दांडीवर पडला, ठोक्यावर, बरोबर. आठी गेली. ताल अखेर जमला म्हणून गोदूबाईने माझ्याकडे पाहिले आणि चेहऱ्याच्या हलत्या बाजूने हसली. मीही मान डोलावली.